सफाईचे पैसे वेगळे लावायचे की भाड्यात धरायचे? नव्या होमस्टेवाल्यांसाठी

गावाकडचं घर वर्षातले बरेच महिने बंद असतं, म्हणून ते एअरबीएनबीवर, म्हणजे पाहुण्यांना घर भाड्याने द्यायच्या ॲपवर, टाकायचं ठरवलंत. फोटो काढले, माहिती भरली, भाडं लिहिलं आणि खाली रकाना आला: क्लीनिंग फी. इथे बहुतेक नवे लोक आसपासच्या एखाद्या बंगल्याचा आकडा बघतात, ५०० नाहीतर १००० टाकतात आणि पुढे जातात. तो आकडा कुठून आला हे त्या बंगलेवाल्यालाही धड सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दापोली, गुहागर, अलिबाग, लोणावळा अशा ठिकाणी शनिवार-रविवारवर चालणारं छोटं घर असेल, तर वेगळी फी लावू नका. ती भाड्यात धरा. मोठा बंगला असेल किंवा गेस्ट कधी एक रात्र तर कधी पंधरा दिवस राहत असतील, तर वेगळी लावा. आणि माणशी दर लावून जेवणासकट खोल्या देत असाल, तर हा प्रश्न तुमचा नाहीच. उकडीचे मोदक आणि सोलकढी धरून दर सांगितल्यावर खाली सफाईचे दोनशे लिहिणं शोभत नाही.

पण यातलं काहीही ठरवण्याआधी एक हिशोब करावा लागतो. तो टाळून चालत नाही.

१. एका सफाईला खरंच किती लागतात ते काढा

रविवारी सकाळी अकराला एक कुटुंब निघतं आणि दुपारी दोनला दुसरं येणार असतं. मधल्या तीन तासांत काय काय होतं ते एकदा तिथे उभं राहून बघा. केर काढून लादी पुसली की झालं, असं नसतं. पोरं समुद्रावरून थेट बाथरूममध्ये शिरलेली असतात, त्यामुळे जाळीखाली मूठभर वाळू बसलेली असते आणि पाणी तुंबतं. जाळी उचलून ती हाताने काढावी लागते. आदल्या संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून कुणी हौसेने सुरमई आणलेली असते आणि ती सिंकमध्येच साफ केलेली असते. खवले टाइल्सवर वाळून चिकटतात, ओल्या फडक्याने निघत नाहीत, नखाने नाहीतर चमच्याने खरवडावे लागतात. फ्रिजमध्ये अर्धी दुधाची पिशवी, फ्रीझरमध्ये विसरलेली कोलंबी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नळावर आणि शॉवरच्या काचेवर. शिवाय सगळ्या पलंगांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पायपुसणी.

हे सगळं पैशांत मांडा. समजा तुमचं दोन बेडरूमचं घर आहे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

सफाईला दोन बायका, अर्धा दिवस, प्रत्येकी ३५० रुपये: ७००
चार चादरी, चार पांघरुणं, आठ अभ्रे, सहा टॉवेल यांची धुलाई-इस्त्री: ४८०
फिनेल, हार्पिक, कचऱ्याच्या पिशव्या, गेस्टसाठी ठेवायचे साबण-शाम्पू: १२०
चादरी-टॉवेलांची झीज: १५०
सफाईच्या वेळचं पाणी, वीज, कचरा नेण्याचा खर्च: ५०

एकूण १,५०० रुपये.

झिजेची ओळ लोक हमखास विसरतात. पांढरी चादर दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुतली की तिचा जीव किती? त्यात प्रत्येक पलंगाला तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धोब्याकडे, एक कपाटात. कोकणात जून ते सप्टेंबर तीनही पुरत नाहीत, कारण काहीही वाळत नाही. ओलसर चादर घडी करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो, आणि त्या वासाची तक्रार गेस्ट घरमालकाला न सांगता थेट रिव्ह्यूत लिहितात. पावसाळ्यात ड्रायर नाहीतर शहरातली लाँड्री हा जास्तीचा खर्च आहे. तो धरूनच पावसाळ्याचा आकडा काढा. एप्रिल-मेचा आकडा जुलैत चालत नाही.

घर तुम्ही स्वतः साफ करत असाल तरी मजुरीची ओळ शून्य ठेवू नका. पुढेमागे तुम्ही आजारी पडाल, पुण्याला लग्नाला जाल, तेव्हा कुणाला तरी पैसे द्यावेच लागतील.

२. तुमचा गेस्ट सरासरी किती रात्री राहतो ते बघा

सगळा निर्णय या एका आकड्यावर फिरतो. झालेल्या एकूण रात्री भागिले झालेली बुकिंगं. अजून बुकिंगच आलेली नसतील, तर सुट्टीच्या गावांसाठी दोन धरा आणि एक हंगाम गेला की खरा आकडा काढा. गोव्यात शिवोली-आसगावकडे लॅपटॉप घेऊन महिनाभर राहणारे गेस्ट येतात, तिथे ही सरासरी बरीच वर जाते.

आता वरचंच घर घ्या. भाडं ४,५०० रुपये रात्र, सफाईचा खर्च १,५००.

फी वेगळी लावली, तर एका रात्रीचा गेस्ट ६,००० देतो, दोन रात्रींचा १०,५००, सात रात्रींचा ३३,०००.

फी भाड्यात धरली, म्हणजे सरासरी दोन रात्री म्हणून रात्रीमागे ७५० वाढवले, तर भाडं झालं ५,२५०. एका रात्रीचा गेस्ट ५,२५० देतो, दोन रात्रींचा पुन्हा १०,५००, सात रात्रींचा ३६,७५०.

दोन रात्रींना दोन्ही मार्ग सारखेच आहेत. भांडण आहे ते दोन टोकांना. एका रात्रीच्या बुकिंगवर तुमचे ७५० बुडतात. सात रात्री राहणाऱ्याकडून तुम्ही ३,७५० जास्त घेता, तेही एकाच सफाईसाठी. ते त्याला कळत नाही असं समजू नका, तो शेजारचं घर बघतो.

दोन्ही टोकं सांभाळता येतात. आठवड्याची सवलत १० टक्के ठेवा: ३६,७५० वरून रक्कम ३३,०७५ वर येते, म्हणजे वेगळ्या फीच्या मार्गाएवढीच. आणि शुक्रवार-शनिवारला किमान दोन रात्रींची अट घाला. एवढं केलं की भाड्यात धरण्याचा मार्ग दोन रात्रींच्या गावांत सरळ चालतो.

आड दिवशी एक रात्र रिकामी पडली असेल तर? बुधवारची एक रात्र ५,२५० ला दिली, त्यातून सफाईचे १,५०० गेले, ३,७५० उरले. हे तुम्हाला परवडत असेल तर द्या, नाहीतर बंद ठेवा. मी स्वतः आड दिवशीची एक रात्र द्यावी याच मताचा आहे. बंद घराला कोकणात दमटपणा खातो; माणसं येऊन गेली, खिडक्या उघडल्या, गीझर चालला, हे घरालाच बरं.

३. वेगळी ओळ दिसली की गेस्ट काय करतो

दहा वर्षांपूर्वी एक युक्ती चालायची. रात्रीचं भाडं कमी दाखवायचं आणि सफाई फी भरमसाट लावायची. सर्चमध्ये घर स्वस्त दिसायचं, पैसे भरायच्या पानावर गेल्यावर गेस्टच्या पोटात गोळा यायचा. अमेरिकेत यावरून लोक इतके चिडले की २०२२च्या नोव्हेंबरात एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांना बदल जाहीर करावे लागले: फीसकट एकूण रक्कम सर्चमध्येच बघायची सोय, आणि गेस्टला निघताना चादरी काढा, व्हॅक्युम मारा असली कामं सांगू नयेत अशी घरमालकांना ताकीद. २०२५च्या एप्रिलपासून तर कर सोडून एकूण रक्कम जगभर आपोआपच दिसते. त्यामुळे ती युक्ती संपली. ४,५०० अधिक १,५०० आणि सरसकट ६,०००, एका रात्रीच्या गेस्टला सर्चमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

मग फरक कुठे उरतो? तपशिलाच्या पानावर. तिथे फी वेगळ्या ओळीत लिहिलेली असते आणि आपल्याकडच्या गेस्टचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "हॉटेलात कुठे सफाईचे वेगळे पैसे घेतात?" प्रश्न रास्त आहे. हॉटेलही घेतंच, पण भाड्यात धरून. गेस्टला सफाईचे पैसे द्यायला हरकत नसते. वेगळी पावती फाडल्यासारखं वाटलं की तो बिथरतो. शिवाय वेगळी फी भरलेला गेस्ट जरा जास्त बारकाईने बघतो. पलंगाखाली एक केस दिसला की "सफाईचे दीड हजार घेतले आणि..." असा रिव्ह्यू सुरू होतो. एअरबीएनबीवर स्वच्छतेला वेगळे स्टार असतात आणि पैशाच्या मोबदल्यालाही वेगळे. एका केसामुळे दोन्हीकडे फटका.

माझा ठोकताळा असा: फी एका रात्रीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जात असेल, तर वेगळी लावू नका. वरच्या घरात ती तिसरा हिस्सा आहे. त्या घराची फी भाड्यातच धरावी. पाच बेडरूमच्या, रात्री २५,००० च्या बंगल्याला ३,५०० ची फी कुणाला खुपत नाही. तिथे दहा-बारा माणसं मिळून पैसे काढतात.

४. वेगळी लावायची वेळ कधी येते

मोठ्या बंगल्याचं झालं. दुसरं म्हणजे लांब मुक्काम. महिनाभर राहणाऱ्याकडून रोज ७५० घेणं म्हणजे २२,५०० रुपये सफाईचे. कुणीही देणार नाही. तिथे एकदाची फी लावा आणि मधल्या मधल्या सफाईचं आधीच ठरवून लिहा: आठवड्यातून एकदा सफाई आणि चादरी बदलणं भाड्यात, त्याहून जास्त हवं तर इतके रुपये.

तिसरं कारण जरा लपलेलं आहे. एअरबीएनबीवरच्या मुक्कामाच्या सवलती रात्रीच्या भाड्यावर लागतात, सफाई फीवर लागत नाहीत. सफाई भाड्यात धरलीत आणि आयत्या वेळच्या बुकिंगला २० टक्के सवलत ठेवलीत, तर ५,२५० चे ४,२०० होतात. सफाईचे १,५०० मात्र तेवढेच राहतात, धोबी सवलत देत नाही. म्हणून ज्यांना सवलती वारंवार द्यायच्या आहेत किंवा ॲपचं आपोआप भाडं बदलणारं बटण चालू ठेवायचं आहे, त्यांनी फी वेगळी ठेवावी. नाहीतर किमान भाड्याचा आकडा सफाई धरून पक्का करून टाकावा. हे बटण नवे लोक उत्साहाने चालू करतात आणि जुलैत घर कवडीमोलाने गेलेलं महिन्याच्या शेवटी दिसतं.

मधला मार्गही आहे. एअरबीएनबीवर एक-दोन रात्रींच्या मुक्कामासाठी वेगळी, कमी सफाई फी ठेवता येते. नेहमीची १,५०० आणि छोट्या मुक्कामाला ८००, उरलेले भाड्यात. दोन्ही प्रकारचे गेस्ट येत असतील तर हे करून बघण्यासारखं आहे.

५. कमिशन आणि जीएसटी

सफाई फीवरही कमिशन कापलं जातं, हे नव्या माणसाच्या डोक्यात येत नाही. भाडं आणि फी यांची बेरीज करून त्यावर टक्के लागतात. तुमच्याकडून ३ टक्के आणि बाकीचं कमिशन गेस्टकडून घेतलं जात असेल तर १,५०० मधले ४५ गेले, विशेष काही नाही. पण सगळं कमिशन मालकाकडून घेणाऱ्या रचनेत १५ टक्के कापले गेले, तर हातात १,२७५ येतात. १,५०० हातात हवे असतील तर १,७६५ लावावे लागतात. तुमच्या खात्यात कुठली रचना आहे ते आधी बघा.

जीएसटीचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तर ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी भरायची जबाबदारी ॲपवर असते. कुणीही भरो, गेस्टच्या खिशातून तो जातोच. आता समजा भाडं ७,२०० आहे. ५ टक्के धरून गेस्टला ७,५६० पडतात. सफाईचे ७५० आत घातले, भाडं ७,९५० झालं, आणि १८ टक्क्यांनी गेस्टला पडले ९,३८१. तुम्ही ७५० वाढवले, त्याला १,८२१ जास्त पडले. म्हणून ७,५०० च्या आसपास असाल तर दर एकतर खाली ठेवा, नाहीतर सरळ बराच वर न्या. मधे लटकू नका. आणि सफाईची ओळ वेगळी केली म्हणून यातून सुटलो असं समजू नका; राहण्याच्या सेवेसोबत घेतलेला जोडखर्च त्या सेवेच्या मूल्यातच धरतात. तुमच्या घराचा एक युनिट धरायचा की खोलीगणिक, हे सीएला विचारून घ्या.

अमेरिकेत घर भाड्याने देणारे आपलेही बरेच लोक आहेत. त्यांनी लक्षात ठेवावं: कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून आणि फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने देशभर १२ मे २०२५ पासून, अल्पमुदतीच्या मुक्कामाची जाहिरात करताना सक्तीच्या सगळ्या फी धरूनच किंमत दाखवावी लागते. स्वतःच्या वेबसाइटवर घर लावलं असेल तरीही.

६. फी लावलीत तर गेस्टला काय सांगायचं, काय नाही

पैसेही घ्यायचे आणि कामही सांगायचं, हे चालत नाही. फ्रिजवर बारा सूचनांचा कागद चिकटवलेली घरं मी बघितली आहेत: चादरी काढून बादलीत टाका, भांडी घासा, केर काढा. मग दीड हजार कशाचे? गेस्टला तीनच गोष्टी सांगा: कचरा एका पिशवीत, एसी-गीझर आणि गॅसचा रेग्युलेटर बंद, किल्ली अमुक ठिकाणी.

खरकट्या भांड्यांचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. कोकणात गेस्ट स्वयंपाक करतात, कढईभर तिसऱ्यांचं सुकं करून कढई तशीच ठेवून जातात. माझ्या मते भांडी सफाईतच धरावीत. तुम्ही घासायला सांगितलीत तरी निम्मे लोक नीट घासणार नाहीत, आणि अर्धवट घासलेलं भांडं पुढच्या गेस्टने कपाटातून काढलं तर ते खरकट्यापेक्षा वाईट. दोन-तीन रात्रींच्या मुक्कामात रोज सकाळी मावशींना अर्ध्या तासासाठी भांड्यांना पाठवलंत, तर मुंग्या-झुरळांचाही प्रश्न मिटतो. याचे पैसे आधीच्या हिशोबात मिळवा.

थेट फोनवर येणाऱ्या बुकिंगला फी कधीच वेगळी सांगू नका. व्हॉट्सॲपवर एकच रक्कम लिहा:

"नमस्कार ताई. शुक्रवार-शनिवार दोन रात्री, सहा माणसं, पूर्ण घर: १०,५०० रुपये. यात सफाई, धुतलेल्या चादरी-टॉवेल, गॅस आणि पिण्याचं पाणी आलं. वेगळं काही द्यावं लागणार नाही. जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, त्याचे दर पाठवतो."

"दादा, थोडं कमी करा ना," हे येणारच. तेव्हा "सफाईचे सोडतो" असं म्हणू नका. एकदा ते सोडण्यासारखे आहेत असं कळलं की पुढच्या वेळी गेस्ट तिथूनच सुरुवात करतो. कमी करायचं असेल तर भाड्यातले करा, किंवा "रविवारी उशिरा निघालात तरी चालेल" असं सांगा, अर्थात त्या दिवशी दुसरं बुकिंग नसेल तरच.

ॲपवरून बुकिंग झालं असेल, तर दारात रोख सफाईचे पैसे मागायचे नाहीत. नियमात बसत नाही, आणि गेस्टने तक्रार केली तर तुमचंच खातं अडचणीत येतं.

७. नेहमीची घाण आणि नुकसान यांत गल्लत नको

वाळू, खवले, खरकटं, चहाचा डाग: हे सगळं सफाईच्या पैशांत आलं. त्यासाठी गेस्टकडे जादा मागायला जाऊ नका, शोभत नाही आणि मिळतही नाही. गादीवर सांडलेलं मटण, भिंतीवर पानाची पिचकारी, बार्बेक्यूच्या निखाऱ्याने जळालेली फरशी, हे नुकसान. ते वेगळं मागायचं.

त्यासाठी पुरावा लागतो. प्रत्येक गेस्ट येण्याआधी सगळ्या खोल्यांचा मोबाइलवर एक व्हिडिओ काढा, गेल्यावर दुसरा. सफाई सुरू होण्याआधी. मावशी आधी फडकं मारतात आणि मग तुम्हाला फोन करतात, असं होऊ देऊ नका. एअरबीएनबीवर नुकसानभरपाईची मागणी गेस्ट गेल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागते, फोटो आणि बिल जोडून. जादा सफाईचा खर्चही त्यात मागता येतो. थेट बुकिंगला अनामत घेणार असाल, तर कशाकशाचे किती कापले जातील ते पैसे घेण्याआधी लिहून पाठवा. अनामत परत करताना हुज्जत घालणारा मालक गेस्ट विसरत नाही, पुढच्या दहा जणांना सांगतो.

हळदीचे कार्यक्रम हा वेगळाच विषय आहे. लोणावळा-कर्जतकडच्या बंगल्यांत हल्ली हळद लावून नवरदेव तसाच पलंगावर बसतो. त्या बंगल्यांनी कार्यक्रमाची फी वेगळी ठेवावी आणि त्या दिवसापुरत्या जुन्या, रंगीत चादरी घालाव्यात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल पडतो, त्याने घाबरून ब्लीच ओतू नका. धुवून कडक उन्हात टाका, पिवळेपणा उन्हाने उडतो. पाळीव कुत्र्यासाठी एअरबीएनबीवर वेगळी फी ठेवायची सोय आहे. सोफ्यावरचे केस काढायला किती वेळ लागतो हे एकदा बघितलंत की आकडा आपोआप सुचेल.

८. ते पैसे जिथे जायला हवेत तिथे जाऊ द्या

सफाईच्या नावाने गेस्टकडून १,५०० घ्यायचे आणि मावशींना २०० टेकवायचे, असं काही ठिकाणी चालतं. छोट्या गावात ते लपत नाही. गेस्ट मावशींशी बोलतो, मावशी गेस्टशी बोलतात. आणि मे महिन्यात एका दिवसात तीन बंगल्यांना एकाच वेळी मावशी हव्या असतात, तेव्हा त्या कुणाकडे आधी जातील हे सांगायला नको.

सफाईमागे ठरलेली रक्कम द्या, त्याच दिवशी द्या. गेस्टने घर चकाचक ठेवलं म्हणून कापू नका. घर नेहमीपेक्षा जास्त घाण असेल तर मात्र वर द्या. ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवसाची सफाई ही नेहमीची सफाई नसते.

गणपतीचं आधीच बोलून ठेवा. गौरी-गणपतीत कोकणातल्या प्रत्येक घरी पाहुणे असतात, मावशींच्या घरीही. त्या पाच-सात दिवसांत सफाईला माणूस मिळत नाही, शिमग्यातही तेच. एकतर तेवढे दिवस कॅलेंडर बंद ठेवा, नाहीतर दुप्पट मजुरी धरून दर लावा आणि माणूस आधी पक्का करा. बुकिंग घेऊन मग माणूस शोधायला निघालात तर लादी तुम्हालाच पुसावी लागेल.

९. आकडा कधी बदलायचा

वर्षातून तीनदा पुरे: पावसाळ्याआधी, दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या बुकिंगा सुरू होण्याआधी. धोब्याने दर वाढवले, मावशींची मजुरी वाढवली, सरासरी मुक्काम बदलला, यातलं काही झालं की पहिल्या पायरीवरचा हिशोब पुन्हा मांडा. सरासरी दोन रात्रींवरून तीनवर गेली असेल, तर रात्रीमागे ७५० ऐवजी ५०० पुरतात, आणि तेवढ्याने भाडं ५,००० वर येतं.

दर बदलला तरी आधी पक्की झालेली बुकिंगं जुन्याच दराने जातात. थेट बुकिंगवाल्यांनाही फोन करून "आता सफाई वाढली" असं सांगू नका. नवा दर ज्या तारखेपासून लावायचा, ती तारीख वहीत लिहून ठेवा, म्हणजे फोनवर घाईत जुना आकडा तोंडातून जाणार नाही.